चौथ्या महिन्याची वाट कशासाठी?

बार्शीटाकळी तालुक्यात पिंजर-महानकडच्या खेड्यात असो की अकोल्यातल्या एखाद्या कॉलनीत, सुनेचा महिना चुकला की घरातून येणारा सल्ला बहुतेक ठिकाणी एकच असतो: ‘सांगू नोको कोनाले. चौथा लागू दे, मंग पाहू दवाखान्याचं.’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, यात शंका नाही. पण तो ज्या समजुतींवर उभा आहे त्या तपासल्या, तर एकही टिकत नाही.

पहिली समजूत अशी की जाणत्या बाईला लक्षणांवरून गर्भ ओळखता येतोच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात ही लक्षणं नोंदलेली आहेत: पाळी न येणं, तोंडाला पाणी सुटणं, अन्नावरची वासना उडणं, ओकारी, आंबट खावंसं वाटणं, अंग जड होणं, स्तनाग्राभोवतीची कातडी काळसर होणं. आपल्या आज्या हेच पाहत आल्या आणि त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. आजचं प्रसूतिशास्त्रही ही लक्षणं नाकारत नाही. फक्त त्यांना ते पहिल्या पायरीवर, म्हणजे अनुमानाच्या पायरीवर ठेवतं. कारण यातल्या प्रत्येक लक्षणाला दुसरं कारण असू शकतं. थायरॉइडच्या बिघाडाने, पीसीओएसने, अपुऱ्या खाण्याने किंवा मोठ्या ताणानेही पाळी चुकते. पित्ताने आणि काविळीनेही मळमळतं. उलट बाजूने पाहिलं, तर दहातल्या दोन-तीन गर्भवतींना मळमळ होतच नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी परत सुरू होण्याआधीच तिला दिवस जाऊ शकतात. चाळिशी ओलांडलेली बाई पाळी चुकली की ‘आता जायचीच वेळ आली’ असं धरून चालते. गर्भ रुजताना कधी थोडं रक्त जातं आणि त्यालाच पाळी समजलं जातं. नाडीचंही तसंच. गर्भारपणात नाडीचे ठोके वाढतात हे खरं, पण ते तापातही वाढतात आणि अंगात रक्त कमी असलं तरी वाढतात. नाडीवरून शंका घेता येईल, निदान करता येणार नाही.

डॉक्टरांनीही स्वतःच्या डोळ्यांवर आणि बोटांवर आंधळा विश्वास ठेवलेला नाही. जेम्स चॅडविक या अमेरिकन डॉक्टरने १८८७ मध्ये योनिमार्गाच्या आणि गर्भाशयमुखाच्या निळसर-जांभळ्या झाकेकडे लक्ष वेधलं. जर्मनीच्या आल्फ्रेड हेगार यांचं नाव दुसऱ्या एका खुणेला मिळालं: सहाव्या ते दहाव्या आठवड्यात गर्भाशयाचा मुखाजवळचा भाग बोटांना मऊ लागतो. या खुणा दुसऱ्या पायरीवरच्या, म्हणजे ‘बहुधा गर्भ आहे’ एवढंच सांगणाऱ्या. लघवीची तपासणीही याच पायरीवर येते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी बाईची लघवी उंदरांच्या माद्यांना टोचून, त्यांच्या बीजकोशात होणाऱ्या बदलांवरून गर्भ ओळखण्याची रीत काढली. आज तेच काम एक पट्टी काही मिनिटांत करते. तिसरी, खात्रीची पायरी म्हणजे गर्भ प्रत्यक्ष दिसणं आणि त्याच्या हृदयाची धडधड टिपणं. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये सोनोग्राफीवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि ही वाट खुली झाली. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत साधारण पाचव्या आठवड्यात गर्भपिशवी दिसते आणि सहाव्याच्या सुमारास धडधड.

इथे दुसऱ्या टोकाची चूकही खोडून काढली पाहिजे. ‘मेडिकलमधून पट्टी आणली, दोन रेघा आल्या, झालं,’ असं मानणाऱ्या शिकलेल्या जोडप्यांची. गर्भ रुजल्यावर एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होतं. म्हणून घाईने केलेली तपासणी ‘नाही’ म्हणते आणि तीच आठवड्याने ‘हो’ म्हणू शकते. पण ‘हो’ आलं तरी गर्भ कुठे रुजलाय हे पट्टी सांगत नाही. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर, बहुतेक वेळा नळीत होतात. अशी नळी अनेकदा सहाव्या ते आठव्या आठवड्यात फुटते आणि पोटात रक्तस्राव होऊन बाईचा जीव धोक्यात येतो. ओटीपोटात एका बाजूला दुखणं, थोडं रक्त जाणं, चक्कर, खांद्यात कळ, यातलं काहीही झालं तर त्याच घटकेला दवाखाना गाठला पाहिजे. चौथ्या महिन्याची वाट पाहणाऱ्या घरात ही बाई ‘पाळीचंच दुखणं’ म्हणून अंथरुणावर पडून राहते.

दुसरी समजूत, पहिल्या तीन महिन्यांत दवाखान्यात करण्यासारखं काही नसतं, ही सगळ्यांत घातक. पाळी चुकते तेव्हाच हिशेबाने चार आठवडे झालेले असतात. सहावा आठवडा सरता सरता बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नळी मिटते. फॉलिक ॲसिडची गोळी त्याआधी हवी, खरं तर दिवस जाण्याआधीपासूनच. तिसऱ्या महिन्याअखेर बहुतेक अवयवांची घडण झालेली असते. त्याच दिवसांत ती बाई फवारणीच्या शेतात उभी असेल किंवा फिटच्या, रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता घेत असेल, तर चौथ्या महिन्यात कळून काय उपयोग? विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भाची तपासणी करायची झाली, तर ती दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून होऊ शकते आणि त्याआधी दोघांचं रक्त तपासलेलं असावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. अंगातलं रक्त भरून यायला महिने लागतात. ते महिने आपण गुपितावर खर्च करतो.

तिसरी समजूत नजरेची: लवकर सांगितलं तर नजर लागून गर्भ पडतो. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी शंभरातल्या दहा ते पंधरा आपोआप पडतात, त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. यातल्या निम्म्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषाचं असतं. कोणाच्या डोळ्यात ते नसतं, आणि सुनेने उचललेल्या घागरीतही नसतं. नजरेवरचा विश्वास निरुपद्रवी नाही, कारण गर्भ पडला की दोष कुणाच्या तरी पदरात टाकला जातो, आणि तो पदर बहुधा सुनेचाच असतो. एक गोष्ट मात्र मला मान्य आहे: भाऊबंदांना, गावाला कधी सांगायचं, हा त्या बाईचा हक्क आहे. पण गाव वेगळं आणि नर्सबाई वेगळ्या. गावापासून लपवा, दवाखान्यापासून लपवू नका.

मग करायचं काय? पाळी चुकून आठवडा झाला की आशाताईंकडून ‘निश्चय’ किट घ्यायचं, ते मोफत मिळतं. सकाळची पहिली लघवी तपासायची. ‘नाही’ आलं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा. ‘हो’ आलं तर बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करून रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस आणि सिकलसेल तपासून घ्यायचं. डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी करायची. ती गर्भाची जागा, वय आणि धडधड पाहण्यासाठी. मुलगा की मुलगी हे सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. गर्भ नको असेल तरी लवकर कळणं बाईच्याच हिताचं, कारण गोळ्यांनी गर्भपात कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंतच होतो आणि तोही डॉक्टरच्या देखरेखीत. मेडिकलवरून गुपचूप आणलेली गोळी जिवावर बेतू शकते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयासाठी आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला. जुनं जाणून घेतलं आणि नव्याची पदवी मिळवली. आपल्या घरांनीही तेच करावं. आजीने शंका घ्यावी, आशाताईंनी किट द्यावं, डॉक्टरांनी निदान करावं, आणि नवऱ्याने त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी बायकोसोबत दवाखान्यात जावं. पोटातल्या जिवाची काळजी चौथ्या महिन्यापासून घेऊ म्हणणारं घर त्याचे सगळ्यांत नाजूक दिवस वाऱ्यावर सोडतं. महिना चुकून आठवडा झाला, की तपासा.