लिफ्टचा वेग आणि थबकलेले वेतन

अमेरिकेच्या युटा राज्यातील पार्क सिटी येथे २०२४ च्या नाताळात जे घडले, ते श्रीमंतांच्या हौसेच्या दुनियेतील किरकोळ प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. तेथील बर्फाच्छादित डोंगरावर सुरक्षिततेचे काम करणाऱ्या गस्तपथकाचे सुमारे दोनशे कामगार २७ डिसेंबर रोजी संपावर गेले. हिमस्खलनाचा धोका सुरुंग उडवून दूर करणे, उतार तपासून मगच तो खुला करणे, जखमींना खाली आणणे हे त्यांचे काम. त्यांची प्रमुख मागणी एवढीच होती की, प्रारंभीचे वेतन ताशी २१ डॉलरवरून २३ डॉलर करावे. संप १३ दिवस चालला. ऐन गर्दीच्या दिवसांत डोंगराचा मोठा भाग बंद राहिला आणि जो थोडा खुला होता तेथे लांबच लांब रांगा लागल्या. अखेर ८ जानेवारी २०२५ रोजी कंपनीला ती मागणी मान्य करावी लागली.

या डोंगराचा कारभार २०१४ पासून व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीकडे आहे. चाळीसहून अधिक स्कीइंग केंद्रांची ही मालकीण. २०२१ मध्ये तिने १४ केंद्रांवर १९ नव्या लिफ्ट बसविण्याचे जाहीर केले; २०२२ सालासाठीची तिची भांडवली योजना सुमारे ३२ कोटी डॉलरची होती. जुन्या, संथ लिफ्टच्या जागी दुप्पट वेगाच्या लिफ्ट येणार, रांगा संपणार, अशी ग्वाही देण्यात आली. परंतु त्याच हिवाळ्यात वॉशिंग्टन राज्यातील स्टीव्हन्स पास या तिच्या केंद्रावर पुरेसे कामगार न मिळाल्याने डोंगराचा बराच भाग बंद ठेवावा लागला. त्यानंतर किमान वेतन ताशी २० डॉलर झाले. सुरुंग हाताळणाऱ्या गस्तकऱ्याला त्याहून एकच डॉलर अधिक! यंत्रासाठी ज्यांची तिजोरी क्षणात उघडते, त्यांचा हात माणसाच्या वेतनाशी येताच कसा आखडतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण कोणते?

यंत्राशी आमचे वैर नाही. जगातील पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीने उभारली. तिचा अभियंता जेम्स करन याला ही कल्पना केळीचे घड जहाजावर चढविणाऱ्या यंत्रावरून सुचली. जुन्या पद्धतीच्या लिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची जखडलेली असते. माणसाला चालत्या खुर्चीवर बसायचे असल्याने दोर सेकंदाला साधारण अडीच मीटरपेक्षा जलद फिरवता येत नाही. नव्या पद्धतीत स्थानकात शिरताच खुर्चीची पकड सुटते, ती संथ होते, माणूस निवांत बसतो आणि खुर्ची पुन्हा दोर पकडते. दोर मात्र सेकंदाला पाच मीटर वेगाने धावतच असतो. चार आसनांची अशी पहिली लिफ्ट १९८१ मध्ये कोलोरॅडोतील ब्रेकेनरिज येथे सुरू झाली. म्हाताऱ्यांना, मुलांना चढणे सोपे झाले, बोचऱ्या वाऱ्यात लटकत राहण्याचा वेळ निम्म्यावर आला. हे हित आम्ही नाकारत नाही.

परंतु वेग वाढला म्हणजे रांग संपली, हा हिशेब खोटा आहे. खुर्च्या जलद धावतात, पण त्यांच्यातील अंतरही वाढवावे लागते. त्यामुळे आसने तेवढीच असतील तर तासाला वर जाणाऱ्यांची संख्या फारशी बदलत नाही. समजा, लिफ्ट तासाला २,४०० माणसे नेते आणि तिच्यावर १,२०० माणसे अवलंबून आहेत. प्रत्येकाची पाळी अर्ध्या तासाने येणार. वर जायला दहा मिनिटे आणि उतरायला आठ मिनिटे लागत असतील, तर रांगेत बारा मिनिटे जातात. वर जाण्याचा वेळ पाच मिनिटांवर आणा, रांगेत सतरा मिनिटे जातील! गर्दीच्या दिवशी खुर्चीवर वाचलेला वेळ रांगेत परत द्यावा लागतो. आसने सहा-आठ केली, तर गर्दी रांगेतून उतारावर सरकते, आणि तेथे अपघात झाला की धावून जाणारा पुन्हा तोच गस्तकरी असतो.

मग निर्णय कोणी करावयाचा? पार्क सिटी हे मुळात चांदीच्या खाणींचे गाव. खाणधंदा खालावल्यावर गाव जगावे म्हणून खाण कंपनीने १९६३ मध्ये अमेरिकन केंद्र सरकारच्या कर्जाच्या आधाराने हे स्कीइंग केंद्र काढले. म्हणजे याच्या पायात जनतेचा पैसा आहे. २०२२ मध्ये तेथे सहा आणि आठ आसनांच्या दोन नव्या लिफ्ट येणार होत्या. काही रहिवाशांनी गर्दीचा व वाहनतळाचा प्रश्न उपस्थित करून दाद मागितली, आणि गावाच्या नियोजन आयोगाने परवानगी रद्द केली. ती यंत्रे कंपनीने कॅनडातील व्हिसलर येथे नेली. भांडवलाला गाव नसते. जेथे विरोध नाही तेथे ते बिऱ्हाड हलवते.

व्हरमॉन्ट राज्यातील मॅड रिव्हर ग्लेन येथे मात्र वेगळी वाट दिसते. तो डोंगर १९९५ पासून स्कीइंग करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. तेथील १९४८ ची एक-आसनी लिफ्ट जीर्ण झाली, तेव्हा अधिक आसनांची नवी लिफ्ट घेण्याऐवजी सभासदांनी २००७ मध्ये तिचेच नूतनीकरण केले, कारण उतारावर गर्दी त्यांना नको होती. ही संस्था ग्राहकांची आहे, श्रमिकांची नव्हे. तिला समाजवादाचा नमुना म्हणण्याचे कारण नाही. परंतु मालकी बदलली की यंत्राविषयीचा निर्णय बदलतो, एवढे तिने सिद्ध केले आहे.

डॉ. राममनोहर लोहियांनी लघुयंत्राचा आग्रह धरला तो यंत्राच्या द्वेषापोटी नव्हे, तर यंत्र माणसाच्या ताब्यात राहावे म्हणून. आधुनिकीकरणाची घोषणा कानी पडताच कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. वेळ कोणाचा वाचतो? पैसा कोणाच्या खिशात जातो? आणि निर्णयाच्या बैठकीत श्रमिक व गावकरी होते काय? पार्क सिटीच्या दोनशे कामगारांनी हेच प्रश्न विचारले आणि संघटनेच्या बळावर ताशी दोन डॉलरचे उत्तर मिळविले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविणे अद्याप बाकी आहे. तो लढा केवळ त्यांचा नाही.