आजी, ‘कुंकू’ आणि लॉ कॉलेज रोड

शनिवारी संध्याकाळी तुम्ही काय करता? नाही, खरं खरं सांगा. आठवडाभर हिंजवडीचं ट्रॅफिक सहन केल्यावर सोफ्यावर आडवं व्हायचं, रिमोट हातात घ्यायचा, ‘काय बघू या’ हे ठरवण्यात चाळीस मिनिटं घालवायची आणि शेवटी तीच जुनी सिरीज तिसऱ्यांदा लावायची... बरोबर? लाजू नका, मीही याच पंथातली आहे.

म्हणूनच फिल्म क्लबची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की तिथे आपल्याला कुणी काही विचारतच नाही. सिनेमा त्यांनी ठरवलेला, वेळ त्यांनी ठरवलेली. पाणी प्यायचंय म्हणून पॉज करता येत नाही. गेलात तर गेलात, नाही तर गेला!

आपल्या पुण्यात याबाबतीत चंगळ आहे. मॅक्समुल्लर भवन, अलियान्स फ्राँसेज, आशय फिल्म क्लब... आणि या सगळ्यांत माझी लाडकी जागा म्हणजे लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं थिएटर. संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं, पण पुणेकर अजूनही ‘अर्काइव्हला चाललोय’ असंच म्हणतात. इथे पॉपकॉर्न नाही, रिक्लायनर नाही, मध्यंतरात नाचोजचा ट्रे घेऊन पाय तुडवत जाणारं कुणी नाही. एसी मात्र सॉलिड असतो. शाल न्या.

पब्लिक तीन प्रकारचं. पहिले पेन्शनर. हे अर्धा तास आधी येतात आणि आपली ठरलेली खुर्ची रुमाल टाकून धरतात. दुसरे फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, शेवटच्या रांगेत, दाढीसकट. आणि तिसरे आपण! म्हणजे कुणीतरी मेसेज फॉरवर्ड केला म्हणून आलेले आणि आत शिरताच खाण्याचा काउंटर शोधणारे. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही शोधला होता.

तर, मध्यंतरी असाच एक मेसेज आला. शनिवारी ‘कुंकू’. व्ही. शांताराम, १९३७, प्रभात. मास कॉमला असताना या सिनेमावर मी पाच मार्कांची टीप लिहिली होती आणि तोपर्यंत सिनेमा पाहिलेला नव्हता. (सर वाचत असतील तर सॉरी.) नंतर एकदा लॅपटॉपवर लावलाही होता. विसाव्या मिनिटाला मेल आला, मग व्हॉट्सअॅप, मग मी मांजरांची रील्स बघत बसले. तेव्हा म्हटलं, या वेळी थिएटरात जायचंच.

आणि सोबत आजीला न्यायचं. माझी आजी शनिवार पेठेत राहते. वय ब्याऐंशी, गुडघे सोडले तर ठणठणीत. जुना मराठी सिनेमा म्हणजे आजी खूश, एवढाच साधा विचार. रिक्षावाल्यांनी पुण्याच्या परंपरेला जागून दोनदा ‘नाही’ म्हटलं, तिसरा आला. प्रभात रोडवरून जाताना मी गाइडच्या थाटात माहिती देत होते. आजी, हा रस्ता त्याच प्रभातच्या नावाचा. कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्यात आली. आता जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तोच त्यांचा स्टुडिओ. म्हणजे आपण जो सिनेमा बघणार आहोत, तो आपण बसणार तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर तयार झालाय. आणि शांता आपटे माहितीये? तीच हिरॉइन. १९३९ मध्ये कंपनीशी वाजल्यावर स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली होती!

‘‘बस होती का गं तेव्हा इकडे यायला?’’ आजीने विचारलं. माझी टीप पुन्हा पाचातल्या दोन मार्कांवर.

आता थोडी गोष्ट. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर हा सिनेमा आहे. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न नातेवाईक फसवून एका म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतात. पुढे नीरा काय करते? रडत नाही, विहीर जवळ करत नाही. ती त्या घरात राहते, पण त्याची बायको म्हणून नांदायला साफ नकार देते. १९३७ साली! शांता आपटे अशी काही उभी राहते की आजच्या वेबसिरीजमधल्या ‘बोल्ड’ नायिकांनी येऊन बघावं. केशवराव दाते म्हातारा झालेत आणि ते व्हिलन नाहीत, हीच तर सिनेमाची गंमत. म्हाताऱ्याच्या समाजसेविका मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. संततिनियमनासाठी खरोखर आयुष्य वेचलेली बाई, आणि सई परांजपेंची आई.

आणखी एक. या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. कुठे रडायचं, कुठे दचकायचं हे सांगायला व्हायोलिन येत नाही. घरातले आवाज, भांडी, पावलं, भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ, बस. लॅपटॉपवर हे मला कळलंसुद्धा नव्हतं, तिथे तर माझ्या घरातला मिक्सर पार्श्वसंगीत देत होता. थिएटरात मात्र त्या घड्याळाची टिकटिक सुरू झाली की शेजारचा माणूस खोकायचाही थांबतो. सुरुवातीचा अर्धा तास संथ आहे, प्रामाणिकपणे सांगते. आवाजात खरखर आहे, काही संवाद अंदाजाने घ्यावे लागतात. पण मुळात हे सिनेमे आपल्यापर्यंत पोचले हेच नशीब. २००३ च्या जानेवारीत इथल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं खाक झाली. नायट्रेट पेटलं की विझवणं महाकठीण. त्यामुळे खरखर खपवून घ्या.

तर अंधारात बसलेय. पडद्यावर लग्न लागतंय, अंतरपाट दूर होतोय. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

माझी आजी दुसरेपणावर दिलेली.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे. मोठे काका हे आजीचे सावत्र मुलगे, हेही. पण माहीत असणं आणि लक्षात येणं यात फरक असतो. १९६१ साली आजी अठरा वर्षांची होती आणि आजोबा सदतीस. बिजवर, पदरात एक मुलगा. आणि मी हौसेने, रिक्षा करून, तिला नेमका हा सिनेमा दाखवायला घेऊन आले होते! जाम गिल्टी वाटलं. उठावं का? गुडघे दुखतायत का विचारावं? मी तिच्याकडे बघितलं. ती सरळ पडद्याकडे बघत होती. शालीचं टोक मुठीत. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, तेव्हा पुढच्या रांगेतले काका मान डोलवत होते, इन्स्टिट्यूटची पोरं टाळ्या वाजवत होती. आजी हलली नाही.

(स्पॉइलर येतोय. पण सिनेमा १९३७ चा आहे, आता हरकत नसावी.) शेवटी म्हाताऱ्याला आपली चूक कळते आणि तिला मोकळं करण्यासाठी तो स्वतःचा जीव देतो. दिवे लागले. शेजारचे आजोबा रुमाल शोधत होते.

बाहेर आलो. रिक्षा मिळेना. आजी फाटकाजवळच्या कट्ट्यावर टेकली. मी म्हटलं, ‘‘आजी, सॉरी. माझ्या लक्षातच आलं नाही.’’

‘‘कशाचं सॉरी?’’

‘‘अगं... गोष्ट.’’

‘‘तिने नाही म्हटलं,’’ आजी म्हणाली. ‘‘आम्हाला नाही म्हणायचं सुचलंच नाही. सुचतं तरी कुणाला म्हणणार होतो?’’ मग जरा थांबून, ‘‘पण शेवट काही मला पटला नाही हं. म्हातारा मेला कशाला? आता कुठे शहाणा झाला होता.’’

मी गप्प.

‘‘तुझ्या आजोबांनाही उशिरानेच कळलं. सुरुवातीची वर्षं मी कुणाशी बोलायचीसुद्धा नाही, स्वयंपाक करायचा आणि झोपायचं. चौऱ्याहत्तर साली एक दिवस आपणहून म्हणाले, तुला मॅट्रिकला बसायचं होतं ना, बस. फॉर्म तेच घेऊन आले. मी एकतीस वर्षांची, पोरांबरोबर अभ्यासाला बसायची. ते घड्याळ लावून पहाटे उठवायचे, चहा करून द्यायचे. त्यानंतर बावीस वर्षं होते. बरी गेली ती वर्षं.’’

आजोबा १९९६ मध्ये गेले, माझ्या जन्माच्या आधी. आमच्या घरी ते फक्त हार घातलेल्या फोटोत आहेत. आजीच्या मॅट्रिकची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, पण ‘आजी किती हुशार’ या चालीवर. त्याआधीची तेरा वर्षं तिने कधी कुणाला सांगितली असतील असं मला वाटत नाही. बाबांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ते फोन कानाला लावून नुसतेच ‘हं’ म्हणाले, मग म्हणाले, ‘‘रविवारी येतो आईकडे.’’

शांताराम, केशवराव, सगळ्यांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, शेवटाबद्दल मी आजीच्या पार्टीत. मी वाचलेल्या एकाही समीक्षेत तो मुद्दा आलेला नाही.

रिक्षा मिळाली. लकडी पुलापर्यंत आजी काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी काय आहे?’’

मी फोनमध्ये बघितलं. ‘‘इराणी आहे. किआरोस्तामी म्हणून डिरेक्टर, १९८७ चा सिनेमा. एका मुलाच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. ती परत द्यायला तो मित्राचं घर शोधत जातो.’’

‘‘बरं. सापडतं का घर?’’

‘‘ते आत्ता नाही सांगणार.’’

‘‘कडेची खुर्ची धर मग,’’ आजी म्हणाली. ‘‘आणि ती शाल पातळ आहे, दुसरी आण.’’