आराखडा कोणासाठी?

दिव्यांग मुलाला सर्वसाधारण शाळेत प्रवेश मिळाला, की त्याच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला, अशी आपल्याकडे समजूत आहे. वास्तविक प्रश्न तेथूनच सुरू होतो. अल्पदृष्टी असलेल्या मुलीला पहिल्या बाकावर बसवले, परीक्षेत थोडा वेळ वाढवून दिला, तरी एवढ्याने ती भागाकार शिकेलच असे नाही. तिला आज काय येते, वर्षाअखेरीस काय यावे आणि त्यासाठी कोणी, आठवड्यातून किती वेळ, काय करावे, हे लिहून ठरविणे म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा.

अमेरिकेत १९७५ साली ही कल्पना कायद्यात आली. तेथे आराखडा ठरविणाऱ्या मंडळात पालकांना स्थान असते व वर्षातून एकदा तरी त्याचा फेरविचार करावाच लागतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. गरजेनुसार व्यक्तिगत साहाय्य द्यावे, प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे, असेही तो सांगतो. परंतु असा आराखडा मागण्याचा पालकांचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत नाही. ही उणीव लहान नव्हे.

'वाचन सुधारणे' हे उद्दिष्ट कोणत्याही मुलाच्या कागदावर चालते. म्हणूनच ते कोणाच्याच उपयोगाचे नसते. असा आराखडा मुलासाठी नसून तपासणीसाठी असतो. याउलट, 'मोठ्या अक्षरांतील अर्धे पान दिवाळीच्या सुटीपूर्वी मदतीवाचून वाचणे' असे लिहिले, तर ते साधले की नाही हे घरातील कोणालाही पडताळता येते. अक्षरओळख नसलेली आईसुद्धा मुलगी कोठे अडखळते ते ऐकू शकते.

भरलेल्या वर्गात शिक्षकाला वेळ कोठून मिळणार, हा आक्षेप खोटा नाही. प्राथमिक स्तरावर १० व त्यापुढे १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे केंद्र सरकारने २०२२ साली ठरविले. तरीही अनेक ठिकाणी एकाच फिरत्या शिक्षकावर कित्येक शाळांचा भार असतो. पदे भरण्याला पर्याय नाहीच. तोवर आराखडा निदान आटोपशीर असावा. वीस उद्दिष्टे लिहून एकही न गाठण्यापेक्षा दोनच लिहिलेली बरी. ती ठरविताना मुलाला व पालकांना आधी विचारावे, आणि त्यांना समजेल अशा भाषेतील एक प्रत त्यांच्या घरी द्यावी. शाळेच्या कपाटातील प्रत आईला कशी वाचून दाखविता येणार?