माप नेमकं कुणाचं?

माझ्या कपाटात या घडीला चार कुडते आहेत. एकावर एम लिहिलंय, एकावर एल, एकावर डबल एक्सेल आणि चौथ्यावर ‘फ्री साइज’. चारही मला व्यवस्थित होतात. चारही गेल्या वर्षभरात घेतलेले, आणि त्या वर्षात माझं वजन किलोभरसुद्धा इकडचं तिकडं झालेलं नाही. आता यातलं माझं खरं माप कोणतं, हे कुणीतरी सांगावं.

मैत्रिणींच्यात हा विषय काढला तेव्हा आधी हसू झालं, मग एकेकीची कहाणी सुरू झाली. हुबळीला दुर्गदबैलात कपडे घ्यायला गेलेल्या प्रत्येकीकडे अशी एक कहाणी असतेच. गर्दी, ऊन, आणि दुकानात ‘ट्रायल नाही’ची पाटी. विकणारा दोन्ही हातांनी कुडता आपल्यासमोर ताणून धरतो, एकदा आपल्याकडे बघतो, एकदा कुडत्याकडे, आणि ठाम सांगतो, “आगतद री अक्का, बरोबर आगतद.” त्याच्या त्या ‘आगतद’वर विश्वास ठेवून आपण पैसे मोजतो. धारवाडला खोलीवर येऊन घालून बघावं तर काखेत आवळतंय आणि कमरेला पोतं झालंय. परत जायचं म्हणजे आणखी अर्धा दिवस मोडणार. गेलं तरी बिलावर छापलेलंच असतं की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मग तो कुडता कपाटाच्या तळाशी जातो. ‘पदरी पडलं पवित्र झालं’ ही म्हण रेडिमेडच्या काळात कुडत्यांनाच जास्त लागू पडते.

पैशांचं दुखणं आहेच. हॉस्टेलवर राहणारीला घरून मोजके पैसे येतात, सणाला एक जोड, फार तर दोन. त्यातला एक वाया गेला तर तो सणच वाया गेल्यासारखा होतो. पण मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीनं नेहमीप्रमाणे एल मागितला. तो दंडात अडकला. दुकानातल्या पोरानं सगळ्यांसमोर, तिघी-चौघी गिऱ्हाइकं उभी असताना, मोठ्यानं सांगितलं, “तुम्हाला थ्री एक्सेल लागणार.” त्या मुलीनं त्यानंतर आठवडाभर रात्रीचं जेवण सोडलं. आम्ही विचारलं तर म्हणायची, भूक नाही. आदल्या महिन्यात दुसऱ्या दुकानातला एल तिला ऐसपैस झाला होता, हे तिलाही माहीत होतं. तरीही तिनं लेबल खरं धरलं आणि स्वतःचं अंग खोटं.

आपल्या भाषेत ‘माप काढणं’ म्हणजे एखाद्याची अब्रू काढणं. शिंपी माप घेतो, भांडखोर माणूस माप काढतो. दुकानात माप घेतलं जात नाही, काढलंच जातं, असं आता मला वाटायला लागलंय.

आजीच्या पिढीला हे दुखणं नव्हतं. तिच्याकडे इलकलची लुगडी होती, आपण ज्याला इरकल म्हणतो ती. नऊ वार म्हणजे नऊ वार. लग्नात नेसलेलं लुगडं चार बाळंतपणांनंतरही तिला ‘झालं नाही’ असं कधी घडलंच नाही, कारण ते होण्या-न होण्याचा प्रश्नच नव्हता, नेसणं तिच्या हातात होतं. चोळीला गुळेदगुड्डचा खण. खण म्हणजे एका चोळीपुरतं कापड, आणि चोळीला पुढं गाठ. अंग भरलं तर गाठ सैल, उतरलं तर घट्ट. मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातली नाही. नऊवारी नेसून मला धारवाड स्टेशनचा जिना चढता येणार नाही, आणि त्या काळच्या बायकांना काय घालायचं हे निवडायची मुभा तरी कुठे होती! पण त्या कपड्यानं बाईला कधी सांगितलं नाही की तू चुकीच्या आकाराची आहेस.

मग शिंपी आला. आईच्या काळातली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: बसणारं एक जुनं ब्लाउज ‘मापाला’ द्यायचं आणि सांगायचं, असंच शिवा, फक्त बाही एक बोट लांब. टेलरमामा टेप गळ्यात घालून म्हणणार, “लूजिंग किती ठेवू?” आणि शिवणीच्या आत माया ठेवणार. माया! आत दुमडून ठेवलेल्या त्या जास्तीच्या कापडाला मराठीत माया म्हणतात, यापेक्षा गोड शब्द शिवणकामात दुसरा नसेल. अंग वाढलं की माया उसवायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. रेडिमेड कुडता उलटा करून बघा. शिवणीपलीकडे काडीइतकं कापड आणि त्यावर ओव्हरलॉकचा टाका. कारखान्याला माया परवडत नाही. एका कुडत्यामागं दोन बोटं कापड वाचलं तरी हजारो कुडत्यांमागं किती वाचतं याचा हिशोब तिथं कुणीतरी बसून केलेला असतो.

माप चुकतं कुठं, हेही समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक कंपनी आपल्या पसंतीच्या एका बांध्यावर पहिला नमुना बेतते. तो तिचा एम. मग त्यावरून ठरावीक अंतरानं मोठे-लहान नमुने काढतात. छाती वाढवली की त्याच हिशोबानं खांदाही वाढतो, दंडही, लांबीही. पण माणसं अशी हिशोबात वाढत नाहीत. माझी आत्या रुंद खांद्याची आणि बारीक कमरेची, मावशी नेमकी उलटी. दोघींना एल लागतो, आणि दोघींनाही तो होत नाही. त्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात, तेव्हा थोडा फरक पडतो. शिवताना आणखी थोडा. धुतल्यावर सुती कापड आटतं ते वेगळंच. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी मोठ्या कुडत्याला छोटं अक्षर लावायची युक्ती. एम बसला की आपण खूश, आणि खूश झालं की घेणार. कुणाचा एम छत्तीसचा, कुणाचा अडतीसचा, कुणाचा चाळीसचा. बळ्ळारीच्या जीन्सपासून मॉलमधल्या जीन्सपर्यंत कुठलीही ‘तीस’ नंबरची घ्या आणि कमरेला टेप लावून बघा. तीस इंच भरली तर मला कळवा.

हा गोंधळ फक्त आपला नाही. अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या शेती खात्यानं सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९. रूथ ओ’ब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी तो अहवाल १९४१ मध्ये छापला. मेहनत मोठी होती, पण मापं धरली ती फक्त गोऱ्या बायकांची. त्या आकड्यांचा आधार घेऊन १९५८ मध्ये बायकांच्या कपड्यांसाठी सरकारी प्रमाण ठरलं. १९७० मध्ये ते सुधारलं, आणि १९८३ मध्ये मागेच घेतलं. तोवर बायकांचे बांधे बदलले होते, आणि कंपन्यांना आपापला एम लावायची मोकळीक हवी होती. आजही अमेरिकेचा ८ म्हणजे ब्रिटनचा १२. ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून आपल्याकडे ढिगात येतात ते कपडे असे दोन-तीन देशांची लेबलं मिरवत येतात, आणि आपण त्यात आपलं अंग शोधत बसतो.

आपल्याकडे ‘इंडिया साइझ’ नावानं असंच काम हाती घेतलं गेलं. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पैशातून सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, असा तो बेत. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग. आपल्याला जवळचं म्हणजे बेंगळुरू, चारशे किलोमीटरहून जास्त लांब. कल्पना चांगलीच आहे, कारण दुसऱ्या देशांच्या तक्त्यावर आपले कुडते का बेतायचे? पण दुकानातल्या लेबलांवर मला अजून त्याचा मागमूस दिसलेला नाही. आणि खरं सांगायचं तर देशाच्या सरासरीचा तक्ता आला तरी माझी आत्या आणि माझी मावशी दोघीही त्या सरासरीच्या बाहेरच राहणार.

म्हणून माझं मागणं तक्त्याचं नाही, साधं आहे. कुडता किती सेंटिमीटरचा आहे ते त्यावर लिहा. छाती इतकी, कंबर इतकी, लांबी इतकी. बस्स.

आणि गंमत अशी की यातलं बरंचसं कायद्यातच आहे. वजनमापाचे, म्हणजे वेष्टनात विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे २०११ चे नियम आहेत. २०२२ मध्ये तयार कपड्यांच्या धंद्याला त्यातल्या काही बंधनांतून सूट मिळाली. म्हणजे सुटे, उघडे विकले जाणारे कपडे. पण सूट देतानाच काही गोष्टी लिहिणं बंधनकारक ठेवलं. किंमत, कंपनीचं नाव-पत्ता, ग्राहकसेवेचा फोन-ईमेल, आणि माप. माप म्हणजे नुसतं एस, एम, एल नव्हे, तर त्यासोबत सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये तपशील. एकदा कपाट उघडून बघा, किती लेबलांवर तो आकडा सापडतो. माझ्या चारपैकी एकावर आहे. आणि ज्याच्यावर आहे त्यावरही ते माप अंगाचं की कुडत्याचं, हे लिहिलेलं नाही. या दोन्हींत लूजिंगचा फरक असतो, तीन-चार इंचांचा सहज.

सेंटिमीटरवर एवढा जोर का, असं एका मित्रानं विचारलं. (मुलांनी यात हसू नये. तुमच्या ४० नंबरच्या शर्टांचंही फार काही आलबेल नाही, फक्त तुम्ही आरशासमोर रडत नाही.) कारण असं की ‘एल’ हे अक्षर खोटं ठरवता येत नाही. ते कधी खरंही नसतं. दुकानदार म्हणेल, हा आमचा एल आहे, आणि वाद मिटला. पण ९६ सेंटिमीटर लिहिलेला कुडता ९० भरला तर टेप लावून दाखवता येतं. मग तो माल सदोष ठरतो, आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत छापलेली नसेल तर तीस दिवस मिळतात. अक्षराच्या जागी आकडा आला की वाद माझ्या अंगावरून उठून कपड्यावर जातो, जिथं तो असायला हवा.

एरवी मापाच्या बाबतीत आपण किती काटेकोर असतो! भाजीवाल्या मावशीच्या किलोच्या वजनावर सरकारी शिक्का लागतो. जवळी साळीत तागातलं कापड घेताना मीटरपट्टीवर बोटभर कमी भरलं तर आपण लगेच “अहो, नीट मोजा” म्हणतो, आणि दुकानदार मुकाट नीट मोजतो. तेच कापड कापून, शिवून, घडी घालून पिशवीत गेलं की त्याचं माप नाहीसं होतं आणि त्याजागी एक इंग्रजी अक्षर येऊन बसतं. ते आपण विचारतही नाही. विचारायची लाज वाटते, कारण तो प्रश्न आपल्या अंगाबद्दलचा वाटतो.

ऑनलाइन घे, असाही सल्ला मिळतो. तिथं निदान तक्ता असतो, हे मान्य. पण परत पाठवायचं म्हटलं की हॉस्टेलच्या गेटवर कुरिअरवाल्याची वाट बघत तास घालवायचा, आणि खानापूर तालुक्यातल्या माझ्या गावी तर परत न्यायला कुणी येतच नाही.

मी आता पर्समध्ये टेप ठेवते, आईच्या शिवणाच्या डब्यातला. दुकानात कुडता टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजायचा आणि दुप्पट करायचा. घरचा एक नीट बसणारा कुडता आधी असाच मोजून आकडा लिहून ठेवलेला असला की ट्रायल नसली तरी चालतं. आईच्या ‘मापाच्या ब्लाउजा’चीच ही तऱ्हा. पहिल्यांदा काढला तेव्हा दुकानातली माणसं बघत राहिली. धारवाडच्या सुभाष रोडवरच्या एका म्हाताऱ्या दुकानदारांनी मात्र टेप बघून स्वतःचा काढला आणि म्हणाले, “तुझा जुना झालाय, ताणलाय. हा घे.” त्यांना मी लेबलावरच्या सेंटिमीटरचं विचारलं. ते म्हणाले, “कंपनी छापते बाळ, आम्ही फक्त टांगतो. कंपनीला विचार.”

विचारलं. लेबलवरच्या ग्राहकसेवेच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीनं हिंदीत नमस्कार केला, माझी तक्रार शांतपणे ऐकून घेतली, आणि विचारलं, “मॅम, आपका साइज क्या है?”

मी म्हटलं, तेच तर तुम्हाला विचारायला फोन केलाय. ती क्षणभर गप्प झाली आणि मग खरंच हसली. म्हणाली, मलाही आमचा कुडता होत नाही. तक्रारीचा नंबर दिला तिनं. तो मी वहीत लिहून ठेवलाय.