बॉक्सर आहेत, जोड कुठंय?

‘आपल्याकडं बॉक्सिंग बघतं कोण?’ हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरात विचारणं म्हणजे कमालच आहे. १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच शहरात झाली आणि सांगलीच्या दिनकर दह्यारींनी ती मारली. दोन माणसं समोरासमोर झुंजतायत आणि भोवती गाव जमलंय, हे दृश्य आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. प्रेक्षक आहेत. त्यांना कुणी बोलावत नाही, एवढंच.

आता आपली बॉक्सिंग स्पर्धा बघा. तारीख कळते प्रशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सकाळपासून एकामागून एक लढती उरकल्या जातात. बघायला कोण, तर आईबाप आणि पुढच्या वजनगटातली पोरं. मध्येच पाहुणे येतात. हातांना पट्ट्या बांधून, अंग गरम करून मुलगी तयार उभी असते आणि तिकडं शाल, नारळ, भाषण सुरू होतं. भाषण संपेपर्यंत तिचं अंग गार पडलेलं असतं. शेवटी जिंकणाऱ्याच्या हातात प्रमाणपत्र.

त्या प्रमाणपत्रासाठी धडपडणाऱ्या पोरांना मी नावं ठेवणार नाही. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण ही कष्टकऱ्याच्या घरासाठी मोठी गोष्ट आहे. माझा राग आयोजकांवर आहे. त्यांनी स्पर्धेचा प्रमाणपत्रं छापणारा कारखाना करून टाकला आणि वर म्हणतात, लोक येत नाहीत. दुसऱ्याची परीक्षा बघायला तिकीट काढून कोण जाईल?

यात हरवलेली गोष्ट म्हणजे जोड. स्पर्धेत कोण कुणाशी लढणार हे ड्रॉ ठरवतो. फाइट कार्ड, म्हणजे एका संध्याकाळच्या ठरवून लावलेल्या लढती, यात जोड माणसानं विचार करून लावायची असते. हे काम आपल्या जत्रांच्या कुस्ती कमिट्यांना पिढ्यान्‌पिढ्या येतं. कोण कुठल्या तालमीचा, गेल्या वर्षी कोण कुणाकडून चितपट झाला, कुणाची परतफेड बाकी आहे, हे सगळं बघून जोड लागते. पत्रकावर दोघांचे फोटो, मध्ये इनामाचा आकडा. लहान पोरांच्या कुस्त्यांपासून चढत चढत शेवटी एक नंबरची कुस्ती. मैदान भरण्याआधी आठवडाभर पारावर वाद झडतात. जाहिरात म्हणतात ती हीच. डीजे आणि फ्लेक्स नंतर.

आपण मात्र वाट बघतो स्टारची. ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत वरळीला विजेंदर सिंगनं चीनच्या झुल्पिकार मैमैतीअलीला हरवलं. गाजलं, छान झालं. पण एका माणसावर टांगलेला कार्यक्रम तो माणूस गेला की खाली येतो. २०१९ च्या डिसेंबरात बिग बाउट लीग आली. त्यात ‘बॉम्बे बुलेट्स’ नावाचा संघ होता आणि लढती दिल्लीच्या आसपास. मुंबईचं फक्त नाव, गल्लीतलं पोरगं कुठंच नाही.

‘आपल्याकडं तेवढे चांगले बॉक्सर कुठं आहेत?’ निखत झरीन निजामाबादची. देवगिरी एक्स्प्रेस इथून जालना, परभणी, नांदेड करत पुढं जाते, त्याच वाटेवरचं गाव. ती २०२२ ला इस्तंबूलमध्ये आणि २०२३ ला दिल्लीत विश्वविजेती झाली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकला महाराष्ट्राचे मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार उतरले होते. ही दोन नावं तुम्ही कधी ऐकली होती? आणि आज आपल्याच विद्यापीठ परिसरातल्या साई केंद्रात सराव करणाऱ्यांपैकी किती जणांची नावं तुम्हाला माहीत आहेत?

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे. डोक्याला मार बसणारा खेळ आहे हा. म्हणून डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, त्या दिवशीचं वजन आणि नॉकआउट झालेल्याला सक्तीची विश्रांती, यातलं काहीही सुटत असेल तर कार्ड रद्द करा. पण सगळ्यात धोकादायक असते ती चुकीची जोड. व्यावसायिक बॉक्सिंगचा जुना रोग आहे : लाडक्या बॉक्सरसमोर कच्चे गडी उभे करायचे आणि त्याचा रेकॉर्ड फुगवायचा. यात कच्च्या गड्याचं डोकं जातं आणि प्रेक्षकाचा विश्वास. ज्या समाजाकडं ‘नूराकुस्ती’ असा शब्द तयार आहे, तो असल्या लढतीला दुसऱ्यांदा येत नाही. घरचा गडी हरू शकतो, असं वाटलं तरच लढत बघण्यासारखी.

राहिला पैसा. दहीहंडीला गुलमंडी, क्रांती चौक, टीव्ही सेंटर गजबजतं, तेव्हा शहरात प्रायोजक नाहीत असं कुणी म्हणत नाही. हिशेब करा. तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एकेक मिनिट, म्हणजे एक लढत अकरा मिनिटांची. आठ लढती दोन तासांत होतात. शंभर रुपये तिकीट आणि सहाशे माणसं, म्हणजे साठ हजार. यात सगळं भागणार नाही. पण प्रायोजकाकडं मोकळ्या हातानं जावं लागणार नाही. त्यातला ठरलेला वाटा, नियमात बसेल तसा, बॉक्सरला आधी द्या. हारतुऱ्यांनी दूध-अंड्यांचा खर्च निघत नाही.

निकाल आज ड्रॉ शीटच्या फोटोत पडून राहतात. कोण कुणाशी लढला, किती गुणांनी हरला, हे एका साध्या वेब पेजवर मांडायला माझ्यासारख्या इंजिनियरला एक शनिवार-रविवार पुरतो. मी फुकट करून देतो. पण त्यावर टाकायला लढती तर हव्यात.

म्हणून जिल्हा संघटनांना थेट मागणी. परवानगी आणि पंच तुमच्याच हातात आहेत. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात एक शनिवार संध्याकाळ घ्या. संभाजीनगर विरुद्ध जालना, बीड विरुद्ध परभणी, अशा आठ जोडी लावा, त्यात निम्म्या मुलींच्या. भाषण एकही नको. शेवटच्या लढतीनंतर जिंकणाऱ्याचा पुढचा प्रतिस्पर्धी रिंगमधूनच जाहीर करा, तारखेसकट. आणि फ्लेक्सवरचे पाहुण्यांचे चौदा फोटो काढून फक्त दोन लावा : जे लढणार आहेत त्यांचे.