ग्लास वाईनचा, बिल रेडिओचं

वाईन टेस्टिंगचं तिकीट काढायचं आणि त्यातून चालवायचं कुणाला, तर रेडिओ-टीव्ही स्टेशनला! ऐकायला विचित्र वाटतं ना? अमेरिकेत मात्र यात कुणाला नवल वाटत नाही. बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक स्टेशनने अनेक वर्षं फूड अँड वाईन फेस्टिव्हल भरवला. सॅन फ्रान्सिस्कोत केक्यूईडी 'टेस्ट अँड सिप' भरवतं. वाईनरी आणि रेस्टॉरंटवाले स्टॉल लावतात, २१ वर्षांवरची मंडळी चव घेत फिरतात आणि स्टेशनच्या कामाला हातभार लागतो.

ही खटपट कशासाठी? कारण तिथल्या सार्वजनिक स्टेशनांवर नेहमीच्या जाहिराती चालत नाहीत. प्रायोजक, श्रोत्यांच्या देणग्या आणि सरकारी मदत, यावर गाडा चालतो. सरकारी पैसा वाटण्यासाठी १९६७च्या कायद्याने एक स्वतंत्र महामंडळ उभं राहिलं. जुलै २०२५मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याचे ११० कोटी डॉलर काढून घेतले आणि पुढच्याच महिन्यात महामंडळाने गाशा गुंडाळायला घेतला.

काही जण म्हणतील, बरंच झालं! ज्यांना ऐकायचंय त्यांनी पैसे द्यावेत, सगळ्यांच्या करातून कशाला? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. वाईन फेस्टिव्हलचं तत्त्वही तेच आहे. शिवाय सरकारी पैसा आला की सरकारची मर्जी सांभाळणंही आलं, ही भीती खरी आहे.

पण आता अलास्कातल्या बेथेलला चला. या गावाला बाहेरून रस्ता नाही, विमानाने जावं लागतं. तिथलं केवाययूके हे स्टेशन इंग्रजीबरोबर युपिक या स्थानिक भाषेतही बोलतं. वादळ आलं, पूर आला की लोक कान देतात ते या रेडिओला. त्याच्या बजेटचा निम्म्याहून मोठा वाटा त्या महामंडळाकडून यायचा. इथे वाईन फेस्टिव्हल भरवणार कोण? आसपासच्या अनेक गावांत तर दारूबंदीच आहे!

गोम इथेच आहे. जिथे खिसे भरलेले, तिथे फेस्टिव्हल भरतो. जिथे रेडिओची गरज सगळ्यात जास्त, तिथे तिकीट घ्यायला माणसं नाहीत. म्हणून वर्गणी हवीच, पण तिच्या भरवशावर सगळं सोडून देता येत नाही. सगळ्यांचा थोडा थोडा पैसा, आणि त्यावर सरकारचा हात नाही, अशी सोय लागतेच.

आता म्हणाल, आपला काय संबंध? आहे ना! पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' किंवा साताऱ्यातल्या म्हसवडचं 'माणदेशी तरंग' ही आपली कम्युनिटी रेडिओ स्टेशनं. त्यांना तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येतात, पण छोट्या गावात जाहिराती देणार कोण? स्वतःच्या बातम्या द्यायला तर परवानगीच नाही.

मोबाईलवर सगळं फुकट मिळतं, असं आपल्याला वाटतं. फुकट काहीच नसतं. जाहिरातदार पैसे भरतो आणि मग काय दाखवायचं हेही तोच ठरवतो. तेव्हा तुमच्या जवळचं कम्युनिटी स्टेशन शोधा. एक कार्यक्रम करून द्या, गॅदरिंगच्या वर्गणीतले थोडे पैसे तिकडे वळवा. आणि फेस्टिव्हल भरवायचाच असेल तर वाईन कशाला? मिसळ महोत्सवही चालेल की!