होडीच्या ट्रॉलीला ब्रेक बसवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, जळगाव व धुळे

प्रत : परिवहन कार्यालय, जळगाव व धुळे

विषय : बचावकार्याच्या व मासेमारीच्या होड्या वाहणाऱ्या ट्रॉल्यांना ब्रेक बसवणे आणि पावसाळ्यापूर्वी त्यांची तपासणी करणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे तापी, गिरणा आणि पांझरा काठचे मच्छीमार, पट्टीचे पोहणारे आणि ट्रॅक्टरचालक आहोत. पूर आला, तहसीलमधून निरोप आला, की होडी ट्रॉलीवर चढवून निघणाऱ्यांत आम्ही असतो. होडी पाण्यात कशी सांभाळायची हे आम्हाला कळते. ती रस्त्यावरून सुखरूप न्यायची व्यवस्था मात्र आजवर कोणी लावलेली नाही.

आमच्याकडच्या बहुतेक ट्रॉल्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होतात. जुन्या जीपचा ॲक्सल, वर लोखंडी अँगलचा सांगाडा, पुढे हूक आणि पिन. चाकामागे ड्रम दिसतो, म्हणून पाहणाऱ्याला वाटते ब्रेक आहे. ड्रम उघडला तर आत लायनर नसते. असले तरी तेलाची नळी कशालाच जोडलेली नसते. फायबरची होडी, इंजिन, पेट्रोलचे कॅन, दोर आणि लाइफ जॅकेट धरून मागचे वजन सहज अर्ध्या टनापुढे जाते. उतारावर पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की हे वजन तिला ढकलते आणि ओल्या डांबरावर ट्रॉली आडवी फिरते. उभी करायची तर चाकाला दगड लावायचा, एवढीच सोय.

31 ऑगस्ट 2021 रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले आणि त्याच दिवशी कन्नड घाटात दरड कोसळली. अशा दिवशी होडी निघते ती घाईत, भर पावसात, खड्ड्यांतून. वेग ताशी 40 किमीवरून 60 वर गेला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सव्वादोन पट होते, आणि घाईत 60 कधी होतात ते कळतही नाही. उतारावर ब्रेक निकामी झाले की काय होते, हे शिरपूर तालुक्यातील पळासनेरने 4 जुलै 2023 रोजी पाहिले आहे. तिथे ब्रेक निकामी झाले ते अवजड ट्रकचे, आमची ट्रॉली लहान आहे, हे मान्य. पण आमच्या ट्रॉलीला निकामी व्हायलाही ब्रेक नाही.

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे. तिला जिल्ह्याबाहेरही धावून जावे लागते; मे 2024 मध्ये अकोले तालुक्यात प्रवरेच्या पात्रात याच दलाचे तीन जवान बुडाले. ती दुर्घटना नदीतली, तिचा ट्रॉलीशी संबंध नाही. मात्र जी माणसे पाण्यात जीव धोक्यात घालतात, त्यांना पाण्यापर्यंतच्या वाटेवर आणखी एक धोका कशासाठी?

उपाय अवघड नाही. ट्रॉलीच्या कपलिंगमध्ये सरकता दांडा बसवतात. पुढची गाडी मंदावली की ट्रॉली पुढे रेटते, त्या रेट्यानेच दांडा दाबला जातो आणि चाकांचे ब्रेक लागतात. गाडीकडून वीज लागत नाही, हवा लागत नाही. त्यामुळे जुळणारा हूक असला की जीप असो वा ट्रॅक्टर, ट्रॉली कोणत्याही गाडीला जोडता येते. एक अडचण आहे. होडी उतरवताना ट्रॉली नदीच्या उतारावर मागे घ्यावी लागते, आणि मागे रेटताना हेच ब्रेक आवळतात. म्हणून दांडा अडवणारा खटका हवाच. शिवाय चाके दर वेळी पाण्यात बुडतात. बेअरिंगला ग्रीस आणि ड्रमला स्वच्छ पाण्याची धुलाई मिळाली नाही, तर दोन पावसाळ्यांत सगळे गंजून बसेल. ब्रिटनमध्ये 750 किलोवरील ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे निदान बचावाच्या ट्रॉल्यांपुरता तरी हाच दंडक लावावा.

आमची मुख्य मागणी अशी, की दोन्ही जिल्ह्यांत शासनाच्या आणि मच्छीमारांच्या होड्यांच्या ट्रॉल्यांची मान्सूनपूर्व तयारीत तपासणी व्हावी आणि ज्यांना ब्रेक नाहीत त्यांना वरीलप्रमाणे ब्रेक, हँडब्रेक व सुरक्षा साखळी बसवावी. नव्या खरेदीच्या निविदेत ही अट आधीच घालावी. नंतर बसवणे महागात पडते. खर्चाची तरतूद जिल्हा वार्षिक योजनेतून व्हावी. हे काम शासकीय आयटीआयच्या कार्यशाळेत होऊ शकते, मुलांनाही शिकायला मिळेल.

दुसरे, परवान्याचे. मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रेलर हेही वाहन आहे, त्यामुळे नोंदणीचा प्रश्न आम्ही टाळत नाही. पण त्याच कायद्याचे कलम 52 वाहनातील फेरबदलांवर बंधने घालते. ब्रेक बसवल्याबद्दलच दंड भरायची वेळ येऊ नये, म्हणून परिवहन कार्यालयाने सोपी लेखी कार्यपद्धती जाहीर करावी आणि नोंदणीसाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिर घ्यावे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 65 खाली प्रशासन आमची वाहने अधिग्रहित करू शकते. जी ट्रॉली आपण हक्काने मागवता, ती रस्त्यावर सुरक्षित आहे हे पाहणेही आपल्याकडेच येते.

हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर बैठका घेऊन उपयोग नाही. हा विषय येत्या मान्सूनपूर्व बैठकीत घ्यावा, आमच्या दोन प्रतिनिधींना बोलवावे आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
तापी, गिरणा व पांझरा काठचे मच्छीमार, पोहणारे व ट्रॅक्टरचालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)